मराठीच्या द्वारे हिब्रू : बेने इस्राएल मुलांच्या धर्मशिक्षणाची परंपरा

१. विषयप्रवेश

महाराष्ट्रातील धार्मिक शिक्षणाचा इतिहास लिहिताना वेदपाठशाळा, मदरसे आणि मिशनऱ्यांच्या शाळा यांचा परामर्श घेतला जातो. सिनेगॉगच्या आश्रयाने चाललेल्या हिब्रूच्या अध्यापनाकडे मात्र अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. ही उपेक्षा अनाकलनीय नाही. बेने इस्राएल समाज संख्येने नेहमीच लहान होता. १९४८ च्या सुमारास त्याची लोकसंख्या अदमासे वीस हजार होती, आणि त्यानंतरच्या स्थलांतरामुळे आज भारतातील सर्व यहुदी मिळूनही पाच हजारांच्या आत भरतात. शिवाय हिब्रू ही परकीय भाषा, तिचे अध्यापन ही एका समाजाची खाजगी बाब, अशीही एक समजूत आहे.

प्रस्तुत लेखात या समजुतीविरुद्ध एक साधा मुद्दा मांडावयाचा आहे. बेने इस्राएल मुलांना हिब्रू ही वारशाने मिळालेली भाषा नव्हती. ती त्यांना शिकावी लागली. आणि ती जेव्हा शिकविली गेली तेव्हा मराठीतून शिकविली गेली. हिब्रूचे व्याकरण मराठीत सांगितले गेले, प्रार्थनांचा अर्थ मराठीत लावला गेला, पुराणपुरुषांच्या कथा मराठी कीर्तनात गाइल्या गेल्या. म्हणून या अध्यापनाचा इतिहास हा जितका यहुदी धर्माच्या इतिहासाचा भाग आहे, तितकाच तो मराठी भाषेच्या इतिहासाचाही भाग आहे. या दुसऱ्या बाजूची नोंद घेण्याचे कर्तव्य मराठीच्या अभ्यासकांवरच येते, कारण ते अन्य कोणी करण्याचा संभव नाही.

२. पाठशाळेपूर्वीची परंपरा

यहुदी धर्मात मुलांना शिकविणे हे पित्याचे कर्तव्य मानले आहे. अनुवाद या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात ही आज्ञा येते, आणि जो उतारा ती सांगतो तोच ‘शेमा’ या नित्य प्रार्थनेचा भाग आहे. मिश्नातील ‘आबोथ’ या प्रकरणात वयाच्या पाचव्या वर्षी धर्मग्रंथ, दहाव्या वर्षी मिश्ना आणि तेराव्या वर्षी आज्ञापालन असा क्रम घालून दिला आहे. तालमूदने एका शिक्षकाकडे पंचवीस मुले असावीत येथपर्यंत तपशील ठरविला आहे. ज्या धर्माने शिक्षणाचा इतका बारकाईने विचार केला, त्या धर्माचे अनुयायी म्हणविणारा एक समाज कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक शतके ग्रंथावाचून आणि शिक्षकावाचून राहिला, हे आपल्या विषयाचे आरंभस्थान आहे.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागेजवळ नवगाव येथे फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. या घटनेचा काळ निश्चित करण्यास साधन नाही. भाषिक दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, पुढील पिढ्या मराठी बोलू लागल्या, तेलाचे घाणे चालवू लागल्या, आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे ‘शनवार तेली’ या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. कोचीनचे व्यापारी एझेकिएल राहाबी यांनी १७६८ मध्ये ॲमस्टरडॅमला पाठविलेल्या पत्रात या लोकांचा उल्लेख आहे. शब्बाथची विश्रांती आणि शेमाचे पठण यापलीकडे धर्माचे ज्ञान त्यांना नाही, असा त्याचा आशय आहे.

हे वर्णन पुष्कळदा अज्ञानाचा पुरावा म्हणून दिले जाते. त्याचा दुसऱ्या बाजूनेही विचार करता येईल. लिपी हरवली, ग्रंथ हरवले, अर्थही बहुधा हरवला. तरी एका प्रार्थनेचे आरंभवाक्य मुखोद्गत राहिले, आणि सुंता, विवाह, अंत्यविधी अशा प्रत्येक प्रसंगी ते म्हटले जात राहिले. ते कोणीतरी कोणालातरी शिकविले असले पाहिजे. शाळा नव्हती, तरी संथा होती. घरातील वडीलधारी माणसे म्हणत आणि मुले त्यांच्यामागून म्हणत, एवढेच तिचे स्वरूप असणार. वेदपठणाच्या परंपरेत अर्थाहून अक्षराला अधिक जपले जाते हे ज्या प्रदेशात सर्वांना ठाऊक होते, त्या प्रदेशात ही गोष्ट चमत्कारिक वाटण्याचे कारण नव्हते.

या मौखिक अवस्थेचा दुसरा पुरावा सणांच्या नावांत सापडतो. वर्षारंभाचा तो ‘नव्याचा सण’. प्रायश्चित्ताच्या दिवशी दारे लावून घरात राहावयाचे म्हणून तो ‘दारफाळणीचा सण’, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा ‘शिळा सण’. ज्या सणाला खीर करावयाची तो ‘खिरीचा सण’. आंबट रसाचे भांडे झाकून ठेवण्यावरून वल्हांडणाला ‘अनाशी ढाकाचा सण’. मंदिराच्या विध्वंसाच्या स्मरणार्थ धरावयाच्या उपासाला त्या दिवशी खाल्ल्या जाणाऱ्या बिरड्यांवरून ‘बिरड्याचा रोजा’. आणि पूरीमला, तो होळीच्या आसपास येत असल्यामुळे, ‘होळीचा सण’. या नावांत एकही शब्द हिब्रू नाही. सणाचे शास्त्रोक्त कारण विसरले गेले होते, परंतु त्या दिवशी काय करावयाचे, काय शिजवावयाचे, काय टाळावयाचे ते विसरले गेले नव्हते. ज्ञान पोथीतून निघून स्वयंपाकघरात गेले होते, आणि तेथे ते प्रामुख्याने स्त्रियांनी राखले असावे असे अनुमान करण्यास हरकत नाही.

रोजा, काजी, मशीद, उरूस हे या समाजाच्या धार्मिक व्यवहारातील दुसऱ्या थराचे शब्द. ते फारसी-अरबीतून आलेले, शेजारच्या मुसलमान समाजाच्या परिचयाचे. सिनेगॉगला बेने इस्राएल लोक दीर्घकाळ ‘मशीद’ म्हणत. मराठी आणि फारसी-अरबी असे हे दोन थर अगोदर पडले होते. हिब्रू शब्दांचा तिसरा थर त्यांवर आला तो मुख्यतः शिक्षणामुळे.

३. सिनेगॉग आणि बाहेरून आलेले शिक्षक

परंपरा पहिल्या शिक्षकाचे नाव दावीद राहाबी असे सांगते. त्याने या लोकांची परीक्षा घेतली, ते यहुदी असल्याची खात्री करून घेतली आणि झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या तीन घराण्यांतील पुरुषांना शिकवून काजी नेमले, अशी ही कथा आहे. राहाबीचा काळ कोणी मध्ययुगात नेतात, कोणी अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्याशी त्याचा संबंध जोडतात. कालनिर्णय काहीही होवो, कथेचा अर्थ स्पष्ट आहे. समाजाच्या स्मृतीत त्याचा पुनरुद्धारक योद्धा अगर संत नसून शिक्षक आहे.

ऐतिहासिक भूमीवर आपण येतो ते १७९६ मध्ये. त्या वर्षी कंपनी सरकारच्या लष्करातील अधिकारी सामुएल एझेकिएल दिवेकर यांनी मुंबईस ‘शारे रहामीम’ हे समाजाचे पहिले सिनेगॉग बांधले. टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटका झाल्यावर त्यांनी हा नवस फेडला असे सांगतात. तोरेची हस्तलिखित गुंडाळी आणण्यासाठी ते कोचीनला गेले आणि तेथेच वारले, अशीही परंपरा आहे. इमारत उभी करणे स्थानिक बळावर शक्य होते. ग्रंथ मात्र बाहेरून आणावा लागत होता, आणि तो वाचणारा माणूसही.

सिनेगॉग स्थापन झाल्याने शिक्षणाची निकड एकाएकी वाढली. घरातील विधीला मुखोद्गत शेमा पुरत असे. सामुदायिक उपासनेला ते पुरेनासे झाले. तोरेचे चौपन्न विभाग वर्षभरात क्रमाने वाचावयाचे, प्रत्येक शब्बाथला वाचकांना पुढे बोलवावयाचे, आणि तेरा वर्षांचा मुलगा या कर्तव्यास पात्र ठरवावयाचा, तर त्या मुलाला अक्षरओळख हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीनकडून आलेल्या यहुद्यांनी मुंबईत व कोकणात हे काम केले. त्यांत १८५६ मध्ये दिवंगत झालेले शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव समाजात आदराने घेतले जाते. पुढे बगदादहून आलेल्या व्यापारी कुटुंबांबरोबर आणखी शिक्षक आले. १८४० मध्ये मुंबईत दुसरे सिनेगॉग झाले, आणि त्या दशकात रेवदंडा, अलिबाग, पनवेल येथेही सिनेगॉगे उभी राहिली. जेथे सिनेगॉग तेथे हज्जान, आणि जेथे हज्जान तेथे त्याच्यासमोर बसणारी दोनचार मुले, असे शिक्षणाचे प्राथमिक रूप होते.

४. मिशनरींचे हिब्रू व्याकरण

या शिक्षणाला दुसरा प्रवाह येऊन मिळाला तो अनपेक्षित दिशेने. अमेरिकन मिशन १८१३ पासून मुंबईत होते आणि स्कॉटिश मिशनरींनी १८२० नंतर दक्षिण कोकणात काम आरंभिले होते. दोघांनाही बेने इस्राएल समाजाविषयी विशेष आस्था होती, कारण ज्यांच्या धर्मग्रंथांवर आपला धर्म उभा आहे असे ते मानीत तेच लोक येथे मराठी बोलताना आढळत होते. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले, आणि १८३२ मध्ये बेने इस्राएल विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी त्यांनी हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे मराठीत प्रसिद्ध केली.

या सनाकडे मराठीच्या अभ्यासकाने क्षणभर थांबून पाहावे. दादोबा पांडुरंगांचे महाराष्ट्र भाषेचे व्याकरण प्रसिद्ध झाले ते १८३६ मध्ये. म्हणजे मराठी मुलाला मराठीचे व्याकरण दादोबांनी मराठीत सांगण्यापूर्वी चार वर्षे एका मराठीभाषक समाजाच्या मुलांसाठी हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले गेले होते. व्याकरणाची परिभाषा मराठीत स्थिरावत असतानाच तिला एका सेमिटिक भाषेचे ओझे पेलावे लागले. ते सोपे नव्हते. हिब्रूत लिंगे दोनच, मराठीत तीन. मराठी धातूला प्रत्यय लागतात. हिब्रूत बहुधा तीन व्यंजनांचा धातू असतो आणि त्या व्यंजनांच्या मधले स्वर बदलून अर्थ बदलतो. उलट काही गोष्टी मराठी मुलाला इंग्रज मुलापेक्षा सुलभ वाटण्याजोग्या होत्या. नामाप्रमाणे विशेषण बदलणे त्याला नवे नव्हते. क्रियापद कर्त्याचे लिंग दाखविते हे इंग्रजाला शिकावे लागते. ‘तो गेला, ती गेली’ म्हणणाऱ्याला ते घरचेच असते.

विल्सन यांचा हेतू धर्मांतराचा होता आणि त्यांनी तो कधी लपविला नाही. परिणाम मात्र हेतूप्रमाणे झाला नाही. समाजातील फार थोडे लोक ख्रिस्ती झाले. मुलांनी मिशनच्या शाळांतून हिब्रू घेतले, मराठीत छापलेले जुन्या कराराचे भाग घेतले, आणि त्यांच्या साहाय्याने आपल्याच धर्माची ओळख करून घेतली. १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत उपलब्ध झाले, तेव्हा अब्राहाम, मोशे, दावीद यांच्या कथा या समाजाला प्रथमच आपल्या मातृभाषेत सलग वाचावयास मिळाल्या. ज्या साधनांनी त्यांना दुसरीकडे न्यावयाचे होते, त्याच साधनांनी ते आपल्या घरी परतले, असे म्हणणे वस्तुस्थितीला सोडून होणार नाही.

५. अक्षर आणि उच्चार

हिब्रूच्या वर्णमालेत बावीस अक्षरे असून ती सर्व व्यंजने आहेत. त्यांपैकी पाच अक्षरांची शब्दान्ती निराळी रूपे होतात. लेखन उजवीकडून डावीकडे. स्वर दाखविण्यासाठी व्यंजनाच्या खाली, वर अगर आत टिंबे व रेषा देतात. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी यांची बाराखडी घोकलेल्या मुलाला व्यंजन आणि स्वरचिन्ह ही जोडणी परिचयाची असते. त्याला नवी असते ती दिशा आणि आकार.

खरी अडचण पुढे येते. शिकण्याच्या पुस्तकात स्वरचिन्हे असतात, पण सिनेगॉगात वाचावयाच्या तोरेच्या गुंडाळीत ती नसतात. गायनाच्या खुणाही नसतात. म्हणजे मुलाला शब्द आधी पाठ असला तरच तो तेथे बिनचूक वाचता येतो. ज्यांनी मोडी वाचली आहे त्यांना हा अनुभव थोडाफार कळेल. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद लिहिला जात नाही आणि शब्द ओळखूनच वाचावा लागतो. त्यामुळे सिनेगॉगच्या शिक्षणात पाठांतराला जे स्थान आहे ते केवळ जुन्या पद्धतीच्या अभिमानामुळे नाही. लिपीनेच ते अपरिहार्य केले आहे.

आता उच्चाराचा प्रश्न घेऊ. जुने शिक्षक गेले, त्यांचे आवाज कोणी नोंदवून ठेवले नाहीत. परंतु त्यांनी काय शिकविले याचा एक पुरावा भिंतींवर उरला आहे. तो म्हणजे सिनेगॉगांची नावे. मुंबईचे ‘शारे रासोन’ आणि ‘तिफेरेथ इस्राएल’, अलिबागेचे ‘मागेन आबोथ’, पुण्याचे ‘सुक्काथ शेलोमो’ ही नावे आधुनिक इस्राएलमधील वाचक रात्सोन, तिफेरेत, आवोत, सुक्कात अशी उच्चारील. ‘शब्बाथ’ हा शब्दही त्याच्या तोंडी ‘शब्बात’ होईल.

या पुराव्याचे वजन सर्वत्र सारखे नाही. ‘थ’ आणि ‘ब’ यांविषयी सावधगिरी बाळगली पाहिजे. इंग्रजी ग्रंथांत हिब्रू शब्द लिहिण्याची जी जुनी रीत होती तीतही अशीच अक्षरे येतात, आणि फलकावरील देवनागरी रूप रोमन लेखनावरून आले असण्याचा संभव राहतो. ‘रासोन’ची गोष्ट निराळी. येथे मूळ अक्षर ‘त्सादे’ आहे. इंग्रजी रीतीने ते ‘स’ होत नाही. अरबीभाषक प्रदेशांतील आणि सेफार्दी परंपरेतील यहुदी मात्र ते ‘स’च्या जातीचा ध्वनी म्हणून उच्चारीत. विशेष असे की, मराठीला ‘त्स’ हा ध्वनी कठीण नाही. ‘चमचा’ या शब्दातील दंततालव्य ‘च’ त्याच्या अगदी जवळचा आहे. तो ध्वनी जर शिक्षकाने उच्चारला असता तर कोकणातील मुलाने तो सहज उचलला असता. त्याने ‘स’ उचलला, कारण त्याने ‘स’ ऐकला. १८४० मध्ये नाव ठेवलेल्या एका सिनेगॉगातील एक अक्षर हे शिक्षक कोणत्या दिशेने आले होते ते असे सांगून जाते.

‘शारे’ या रूपाचेही थोडे विवेचन करावयास हवे. मूळ शब्दात दोन स्वरांच्या मध्ये ‘आयिन’ हे कंठ्य व्यंजन आहे. मराठीत त्याला प्रतिरूप नाही. ते लोपले आणि दोन्ही स्वर मिळून एक दीर्घ ‘आ’ झाला. ‘रहामीम’मधील घशातून घर्षणाने निघणाऱ्या ‘हेत’चा मराठी ‘ह’ झाला. म्हणजे शिक्षकाचा ‘स’ मुलाने घेतला, पण शिक्षकाचा ‘आयिन’ त्याने मराठीच्या नियमाने सोडून दिला. परंपरागत उच्चार ज्याला आपण म्हणतो तो गुरूचा ध्वनी आणि शिष्याची भाषा यांच्या तडजोडीतून घडतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

६. पाठ आणि अर्थ

उच्चार शुद्ध झाला तरी मुलाने काय म्हटले ते त्याला कळले पाहिजे काय, हा प्रश्न उरतोच. यहुदी शिक्षणपरंपरेत त्याचे उत्तर एका ठिकाणी निःसंदिग्ध आहे. वल्हांडणाच्या पहिल्या रात्री जेवणाच्या वेळी ‘हग्गादा’ हा ग्रंथ वाचतात. त्याची योजनाच अशी आहे की, घरातील धाकट्या मुलाने आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का, असे विचारावे आणि वडिलांनी मिसरमधून सुटकेची कथा सांगून उत्तर द्यावे. मुलाला प्रश्नाचा अर्थ कळला नाही, तर सारा विधी पोकळ होतो.

म्हणूनच मराठी भाषांतरासह छापलेल्या आरंभीच्या हिब्रू ग्रंथांत हग्गादा असावा हे स्वाभाविक आहे. १८४६ मध्ये मुंबईस शिळाछापावर हिब्रू-मराठी हग्गादा निघाला. १८७४ मध्ये पुण्यास दुसरा निघाला. त्यातील चित्रात बेखमीर भाकरी तयार करणाऱ्या स्त्रिया भारतीय वेषात दाखविल्या आहेत. मिसरमधून निघालेल्या इस्राएल लोकांची कथा वाचणाऱ्या मुलाला चित्रात आपली आई व आजी दिसत असे. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने विचार करता यापेक्षा परिणामकारक चित्र कोणते असू शकेल?

भाषांतराचे सर्वांत मोठे काम जोसेफ एझेकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी केले. ते मुंबईच्या डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशनचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते. नित्याच्या व सणांच्या प्रार्थना त्यांनी मराठीत आणल्या. ही शाळा बगदादी यहुद्यांच्या मुलांसाठी होती. ज्या समाजाला दोनतीन पिढ्यांपूर्वी हिब्रूचे शिक्षक बाहेरून आणावे लागत होते, त्या समाजातील एक गृहस्थ आता बाहेरून आलेल्यांच्या मुलांच्या शाळेचा प्रमुख झाला होता. एका शतकाहूनही कमी काळात झालेला हा पालट कोणत्याही शिक्षणव्यवस्थेला भूषणावह ठरावा.

पुस्तक ज्यांच्यापर्यंत पोचत नव्हते त्यांच्यासाठी कीर्तन होते. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल कीर्तनकार पुढे आले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, ओवी ही सारी सामग्री मराठी कीर्तनाची. आख्यान मात्र अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. स्त्रिया आणि मुले या कीर्तनांना बसत. हिब्रूची अक्षरे न येणाऱ्या आजीला आणि ती नुकतीच शिकू लागलेल्या नातवाला एकाच वेळी एकच कथा कळण्याची सोय मराठी कीर्तनाने केली.

७. इस्राएल शाळा

सिनेगॉगच्या ओसरीवरील हज्जानाचा वर्ग आणि मिशनची शाळा यांपैकी एकाने पोट भरत नव्हते आणि दुसरीत शनिवारी हजर राहावे लागण्याचा अगर धर्म धोक्यात येण्याचा प्रश्न होता. हाईम सामुएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत काढलेली इस्राएल शाळा या कोंडीवरचे उत्तर होते. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनने तिला साहाय्य केले. इंग्रजी, मराठी आणि हिब्रू एकाच छपराखाली आली, आणि शनिवार सुटीचा दिवस झाला. पुढे हीच शाळा सर एली कदूरी यांच्या नावाने प्रसिद्ध पावली. केहिमकरांनी समाजाचा इतिहासही लिहिला. १८९७ मध्ये तयार झालेला हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३७ मध्ये, तेल अवीव येथे छापला गेला. आपण वर जी सणांची मराठी नावे पाहिली त्यांचे ज्ञान आपल्याला मुख्यतः या शाळासंस्थापकामुळे आहे.

येथे एक विरोध ध्यानात घेण्यासारखा आहे. शाळेने मुलांना रोश हश्शाना, योम किप्पूर, पेसाह ही नावे शिकविली. त्यांबरोबर जुन्या यादीत नसलेला हनुक्काही शिकविला गेला. जो जो हा अभ्यासक्रम यशस्वी झाला, तो तो ‘नव्याचा सण’ आणि ‘दारफाळणीचा सण’ ही नावे मागे पडली. शिक्षणाने समाजाला जगातील इतर यहुद्यांशी जोडले आणि त्याच वेळी त्याच्या स्वतःच्या शब्दांपासून थोडे दूर नेले. केहिमकरांसारख्या शिक्षकाने ते शब्द लिहून ठेवले यात त्यांची दूरदृष्टी दिसते.

शाळेच्या उत्तरकालातील सर्वांत कर्तबगार व्यक्ती म्हणजे रिबेका रूबेन (१८८९–१९५७). १९०५ च्या मॅट्रिक परीक्षेत त्या मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. १९२२ ते १९५० पर्यंत त्या या शाळेच्या प्रमुख होत्या. १९१७ ते १९२० या काळात त्यांनी समाजाचे वार्षिक संपादिले. ज्या परंपरेत तोरेच्या गुंडाळीपुढे उभे राहण्याचा अधिकार मुलाचा होता, त्या समाजाच्या प्रमुख शाळेची सूत्रे जवळजवळ तीन दशके एका स्त्रीच्या हाती होती. सणांचे ज्ञान स्वयंपाकघरात ज्यांनी राखले असेल त्यांच्या नातीने ते शाळेत आणले, अशा रीतीने या घटनेकडे पाहता येईल.

८. १९४८ नंतर

इस्राएलच्या स्थापनेनंतर समाजाचा मोठा भाग तिकडे गेला. तेथे मुलांना हिब्रू शिकविण्यासाठी मराठीची गरज उरली नाही. हिब्रू हिब्रूतूनच शिकविले जाऊ लागले, आणि ते प्रार्थनेचे नव्हे तर बाजाराचे व कचेरीचे होते. १९६० नंतरच्या काही वर्षांत तेथील धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या संदर्भात बेने इस्राएलांच्या यहुदीपणाविषयी चौकशीची अट घातली. समाजाने तीव्र विरोध केला, आणि १९६४ मध्ये त्या देशाच्या संसदेने त्यांना अन्य यहुद्यांच्या बरोबरीचे मानण्याचा पुरस्कार केला. ज्यांच्या पूर्वजांनी एका वाक्याच्या आधारे आपला धर्म राखला, त्यांना ग्रंथ शिकून झाल्यावर पुन्हा परीक्षा द्यावी लागावी, ही गोष्ट त्या पिढीला किती झोंबली असेल याची कल्पना करता येते.

भारतात राहिलेल्या मुलांसाठी १९६२ पासून ओर्ट या संस्थेने मुंबईत काम सुरू केले, आणि सिनेगॉगांच्या आश्रयानेही वर्ग चालत आले. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला अल्पसंख्याक म्हणून मान्यता दिली. परंतु आता अध्यापनाचा आदर्श बदलला आहे. इस्राएलमधील प्रचलित उच्चार हा प्रमाण ठरत आहे. आजोबा ‘शब्बाथ’ म्हणतात, नातू ‘शब्बात’ म्हणतो, आणि सुधारणा आजोबांची होते.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला येथे एक शब्द उच्चारावासा वाटतो. प्रमाण उच्चार शिकविण्यास हरकत असू नये. जिवंत भाषा शिकावयाची तर तिच्या आजच्या रूपातच शिकली पाहिजे. परंतु जुना उच्चार ‘चूक’ म्हणून खोडू नये. ‘रासोन’मधील ‘स’ ही चूक नाही, ती एका शिक्षकाची खूण आहे. ‘शारे’मधील दीर्घ ‘आ’ ही चूक नाही, तो मराठीचा हिब्रूवर उमटलेला ठसा आहे.

९. समारोप

उपर्युक्त विवेचनाचा सारांश असा. बेने इस्राएल मुलांच्या हिब्रू शिक्षणाच्या चार अवस्था दिसतात : घरातील मौखिक संथा, सिनेगॉगातील हज्जानाचा वर्ग, मिशनची शाळा व तिच्यातून निघालेली छापील साधने, आणि समाजाची स्वतःची शाळा. या चारही अवस्थांत मराठी उपस्थित आहे. पहिल्या अवस्थेत तिने विधींना नावे दिली, दुसरीत उच्चाराला वळण दिले, तिसरीत व्याकरणाला परिभाषा आणि ग्रंथांना अर्थ दिला, चौथीत ती हिब्रू व इंग्रजी यांच्या शेजारी बसली. पाचवी अवस्था आज चालू आहे आणि तीत मराठी प्रथमच अनावश्यक झाली आहे.

या अवस्थांची साधने विखुरलेली आहेत. शिळाछापाची प्रार्थनापुस्तके, कीर्तनांच्या चोपड्या, समाजाची मराठी नियतकालिके, शाळांचे अहवाल यांपैकी पुष्कळसा भाग खाजगी घरांत आहे, आणि ती घरे वर्षागणिक कमी होत आहेत. जुन्या पद्धतीने तोरा वाचणारी माणसे आज वृद्ध आहेत. त्यांचे वाचन ध्वनिमुद्रित करणे, द्विभाषिक पुस्तकांतील मराठीचा शब्दसंग्रह जमविणे आणि विल्सन यांच्या व्याकरणातील परिभाषा दादोबांच्या परिभाषेशी ताडून पाहणे ही तीन कामे मराठी विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहेत. त्यांसाठी हिब्रूत पारंगत असण्याची आवश्यकता नाही. बावीस अक्षरे आणि स्वरचिन्हे शिकल्याने आरंभ करता येईल. अलिबागेच्या आठ वर्षांच्या मुलाला जे शिकता आले, ते आपल्या विद्यार्थ्यालाही येईल.